टवका

“आता ही चूक बघा,” असं कुणीतरी माझ्या मागे म्हणालं, तेव्हा मी ग्रंथालयाच्या जिन्याखाली भिंतीला टेप लावून उभी होते. माझ्या डाव्या अंगठ्याला ते माझ्या आधी कळलं. हा अंगठा गेली एकोणतीस वर्षं छिन्नी धरतोय, त्याची कातडी चपलेच्या तळव्याइतकी जाड झालीय, त्याला गरम-गार काही फारसं कळत नाही. पण तो एकदम आखडला. टेपचं टोक सुटलं आणि सळकन आत गेलं. मी वळून पाहिलं तर दहा-बारा माणसं होती, सगळी कामाधंद्याची. एक नर्स अजून ड्यूटीच्या कपड्यांत होती, एक टॅक्सीवाला किल्ली बोटात फिरवत होता, दोन दुकानातल्या बायका होत्या. त्यांच्यापुढे एक उंच, किरकोळ अंगाचे सर, हातात खडू नसला तरी बोटं खडू धरल्यासारखी. संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाचे सर ते, आणि त्यांचं बोट माझ्या दगडाकडे होतं. माझ्या म्हणजे मी कोरलेल्या. राखाडी दगड, त्यातून तिरप्या गेलेल्या बारीक काळ्या शिरा, वर इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘फाउंडर्स’ आणि खाली सात नावं. मी आयुष्यात कोरलेला हा पहिला दगड.

मी बाजूला सरकले आणि बॅगेत काहीतरी शोधायचं नाटक केलं. सर सांगत होते की एकापेक्षा जास्त असले की नुसता एस लावायचा, शेवटी, निमूट, वरती काही लटकवायचं नाही. तो वरचा स्वल्पविराम, अपॉस्ट्रॉफी, तो लावायचा मालकी दाखवायला, नाहीतर मधलं एखादं अक्षर गाळलं असेल तेव्हा. मग त्यांनी दगडावरची नावं मोजायला लावली. सात, वर्ग म्हणाला. “सात माणसं,” सर म्हणाले, “आणि वर लिहिलंय ‘एका संस्थापकाचं’. काय त्याचं? छत्री? पेन? ते कोरायचं राहूनच गेलंय.” सगळे हसले. मनमोकळं हसले, त्यात वाईट काही नव्हतं. विनोद चांगला होता, आणि मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचा दगड असता तर. नर्सनं पुढे होऊन आर आणि एसच्या मधल्या त्या स्वल्पविरामात बोट घातलं आणि म्हणाली की कोरणाऱ्याला इंग्रजी येत नसणार. सरांनी चष्मा सारखा केला. “इंग्रजी येत नसेल, पण हात बघा काय सुंदर आहे,” ते म्हणाले. “म्हणूनच जास्त वाईट वाटतं. दर बॅचला अकरावा धडा मी इथेच घेतो.” मी टेप बॅगेच्या अगदी तळाशी ढकलला. कुणी विचारलं असतं की बाई, तुम्ही कोण, तर मी पुस्तक बदलायला आले म्हणून सांगितलं असतं, एवढी मी भित्री निघाले.

ग्रंथपाल बाई तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. त्यांनीच मला फोन करून बोलावलं होतं, ‘जिन्याखालच्या दगडाचं माप घ्यायचंय’ एवढंच म्हणाल्या होत्या, आणि मी वेडी समजून बसले होते की नव्या वाचन कक्षासाठी तसाच दगड हवा असेल. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, पंखा लावला, दोनदा खुर्ची पुढे-मागे केली. मग म्हणाल्या की समितीनं तो दगड काढायचं ठरवत आणलंय. लोक फोटो काढतात, मोबाईलवर फिरवतात, ग्रंथालयासारख्या ठिकाणी शोभत नाही. त्या जागी स्टीलचा पत्रा लागेल, अक्षरं मशीननं कापलेली. महिनाअखेरीला बैठक आहे, एकदा शिक्का बसला की दगड खाली. “काढताना तुटू नये, म्हणून तुम्हाला बोलावलं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता किल्ल्या मोजत बसल्या. मी विचारलं, काढून कुठे ठेवणार. मागच्या अंगणात, त्या म्हणाल्या, सायकलींच्या शेडजवळ जागा आहे. मला आठवतंय की मी फक्त मान हलवली आणि पाणी मागितलं. 

घरापर्यंत मी चालत गेले, बस सोडून दिली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्या, आणि आज पहिल्यांदाच मी त्या कोरणाऱ्याच्या डोळ्यांनी न बघता वाचत होते. बुटांच्या दुकानावर स्वल्पविराम. किल्ल्या करून देणाऱ्याच्या पाटीवर स्वल्पविराम. बेकरीत केकच्या डोक्यावर तर पिवळ्या रंगात एवढा ठळक की माशी बसलीय म्हणून कुणी हात हलवावा. पाट्या रंगवणारा एक पेंटर होता, आता नाही, त्यानं मला एकदा आपणहून सांगितलं होतं की तो मी तुमच्या ग्रंथालयाच्या दगडावर बघून घालतो. दगडात आहे म्हणजे बरोबरच असणार, रंग काय, उद्या पुसता येतो. तेव्हा मला काय गुदगुल्या झाल्या होत्या. घरी येऊन मी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. आता त्या सगळ्या पाट्यांच्या डोक्यावरचे स्वल्पविराम माझ्याकडे बघत होते आणि मी खाली मान घालून चालले होते. खरं तर त्यातला एकही स्वल्पविराम नव्हता. पहिला तर नव्हताच. तो टवका होता.

आमच्या कारखान्याचा, कारखाना कसला, मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, एक नियम होता, तो मामंजींचा. कोरायचा दगड टेबलावर उलटा ठेवायचा, अक्षरांची डोकी आपल्या पोटाकडे, आणि शेवटच्या अक्षरापासून सुरुवात करायची. म्हणजे हात वाचत सुटत नाही. वाचलं की हात पुढच्या अक्षराकडे पळतो, मामंजी म्हणायचे, आणि पळणाऱ्या हातानं दगड कधी ऐकलेला नाही. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि त्यांनी गावभर इंग्रजी कोरलं. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दगडाचा धीर नव्हता. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चिकटला आणि सुखी झाला. मी लग्न होऊन आले तेव्हा शेडमध्ये फक्त चहा द्यायला जायचे. मग दगडावर पाणी मारायला लागले, मग धार लावायला, मग एक दिवस मामंजींना कमी दिसायला लागलं आणि त्यांनी काही न बोलता छिन्नी माझ्या हातात दिली. टाकाऊ लाद्यांवर मी तीन वर्षं नुसत्या उभ्या रेघा कोरल्या. नातेवाईक यायचे, बघायचे, नवऱ्याला कोपऱ्यात घेऊन विचारायचे की बायकोला हे काय करायला लावलंय. मामंजी ऐकू न आल्यासारखे बसायचे, आणि कान तर त्यांचे सशाचे होते.

ग्रंथालयाचा दगड आला तेव्हा त्यांना खडूची रेघही दिसत नव्हती. हा तू कर, म्हणाले. सात नावं मी सात दिवसांत केली, खालून वर, उलटीकडून, एकही चूक नाही. राहिला मथळा. त्या सुमाराला माझी मुलगी दुसरीत होती आणि तिच्या पुस्तकातून मी चोरून इंग्रजी अक्षरं शिकत होते. चोरून अशासाठी की वाचायला येणं हे आमच्या शेडमध्ये खोडीसारखं होतं. एस झाला, सुंदर झाला, दोन्ही वळणं एका श्वासात. मग आर धरला. आरचं डोकं कोरताना माझ्या मनात एकदम काहीतरी पेटलं. समोरची अक्षरं उलटी असूनही मला दिसायला लागलं की तो डी आहे, त्याच्या शेजारी ई, हा आर, आणि ते सगळं मिळून काहीतरी बोलतंय. मी ते तोंडातल्या तोंडात म्हटलं. डर्स. मला शब्द वाचता येत होता. मला अजून आठवतो तो आनंद, पोटातून वर आलेला, पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई मी, आणि मला नाचावंसं वाटलं. हात पळाला. आर आणि एसच्या मधे, वरच्या बाजूला, वाटाण्याएवढा टवका उडाला आणि शेडच्या पत्र्यावर टण् करून आपटला.

तो आवाज मामंजींनी ऐकला. ते उठले, भिंतीला धरत आले आणि त्यांनी विचारलं, किती खोल. मी त्यांचा हात धरून दगडावर नेला. त्यांनी अंगठा त्या खड्ड्यात फिरवला, तिथेच ठेवला, बराच वेळ ठेवला. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचे सेक्रेटरी दगड बघायला येणार होते आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो भिंतीत बसणार होता. मी वाट बघत होते की आता हे म्हणतील, जा आत, चहा टाक, आणि ती छिन्नी मी परत कधी धरणार नाही. त्याऐवजी त्यांनी सगळ्यात बारीक छिन्नी मागितली. वर्षभरात त्यांनी हत्यार धरलेलं नव्हतं. डोळे मिटून, हो, मिटूनच, अंगठ्यानं कडा चाचपत त्यांनी त्या टवक्याला वरती गोल डोकं दिलं, खाली डावीकडे वळणारी शेपटी दिली, आणि पाऊण तासात तिथे असा स्वल्पविराम उभा राहिला की तो मुळापासून तिथेच असावा. मग हात झटकत म्हणाले, “इंग्रजीत असतं असं. पुष्कळ असले की देतात.” सेक्रेटरी आले, त्यांनी चष्मा चढवून बघितलं, क्षणभर त्यांची भुवई वर गेली. पण मामंजी इतके शांत उभे होते की साहेबांना वाटलं असणार, आपल्यालाच माहीत नाही. हं, बरोबर, ते म्हणाले आणि हातानं कोरलेल्या अक्षरांची तारीफ करायला लागले. मामंजींनी मला पदराला धरून पुढे ओढलं. “हे सूनबाईनं कोरलंय,” ते म्हणाले, “सगळं.” त्या दिवसापासून मी कोरणारी झाले.

आणि मी विश्वास ठेवला ना. तीच तर खरी फजिती. मला वाटलं, टवका जिथे उडाला तिथे नेमका स्वल्पविराम असायलाच हवा होता, माझं नशीब केवढं. तीन महिन्यांत मामंजी गेले, झोपेतच. पुढे गिऱ्हाईकं कागद घेऊन यायची, कागदावर अनेकवचन नुसतंच असायचं, आणि मी आपली उदारपणे त्यात स्वल्पविराम घालून द्यायचे, वरून सांगायचे की तुमचा टायपिस्ट विसरलाय. चार दगड तसे केले, त्यानंतर लोक कॉम्प्युटरवरचा नमुना आणायला लागले आणि मी तो गिरवायला लागले म्हणून, नाहीतर चाळीस केले असते. त्या चारांतल्या दोन इमारती नंतर पाडल्या, माझी चूक पोटात घेऊन त्या गेल्या, त्यांचे उपकार. तो रस्ता संपेपर्यंत मी मामंजींवर चिडत चालले होते. साहेबांना फसवलंत ते ठीक, मला वाचवायला फसवलंत. पण मला का? मला सांगायचं होतंत ना, की पोरी, हा टवका आहे, लक्षात ठेव. सव्वीस वर्षं मी तुमच्या तसबिरीला नाही, तुमच्या थापेला हात जोडत आलेय. रागानं मला धाप लागली आणि फाटकापाशी मी कडीला धरून उभी राहिले.

मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते, औषधांच्या कंपनीत आहे, दिवसभर इंग्रजीतच बोलते. तिला विचारलं, तुला माहीत होतं का ग. ती गप्प झाली, आणि तिची गप्प व्हायची पद्धत थेट आजोबांची आहे. मग म्हणाली की नववीत असताना कळलं. शाळेची सहल ग्रंथालयात गेली होती, बाईंनी दाखवलं, सगळी मुलं हसली, तीही हसली आणि घरी येऊन बाथरूममध्ये रडली. सांगितलं का नाहीस, मी म्हटलं. “सांगून काय केलं असतं, आई? दगडाला खोडरबर नसतं, हे तूच म्हणायचीस.” ते मी म्हणायचे खरं, आणि जरा ऐटीतच म्हणायचे. फोन ठेवल्यावर नवऱ्यानं पेपरातून डोकं काढून विचारलं काय झालं. मी सांगितलं. त्यानं विचार करून म्हटलं की जाऊ दे, स्टीलला गंज तरी लागत नाही. माणूस चांगला आहे, पण कधी कधी त्याला पाण्याच्या टाकीत बुडवावासा वाटतो.

खोडरबर नसतं, पण ठिगळ असतं. हे मला त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी छिन्नीला धार लावताना सुचलं, म्हणजे सुचायला नको होतं इतकं ते साधं होतं. दगडात दगड बसवतात. मी स्वतः कोपरे फुटलेल्या पायऱ्यांना शेकडो ठिगळं लावलीत. फक्त ठिगळ त्याच दगडाचं हवं, शिरेला शीर लागायला हवी, नाहीतर ते पांढऱ्या केसासारखं लांबून दिसतं. तो राखाडी दगड ज्या खाणीतून यायचा ती बंद होऊन पंधरा वर्षं झाली, खड्ड्यात आता पाणी भरलंय. पण मामंजींचा दुसरा नियम होता, तो मीही आजतागायत पाळते. दगड मापात कापल्यावर जो तुकडा उरतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो, आणि शेपूट टाकायचं नाही. प्रत्येक कामाचं शेपूट कागदात गुंडाळून, नंबर घालून मागच्या फळीवर. मी फळी रिकामी केली. तीनशेच्या वर शेपटं जमिनीवर मांडली, शेडमध्ये पाय ठेवायला जागा राहिली नाही. ग्रंथालयाच्या आधीचं होतं, नंतरचं होतं. ग्रंथालयाचं नव्हतं. दुपारपर्यंत मी दोनदा सगळी उलथीपालथी केली, मग जेवायला न जाता तिथेच टेबलाला टेकून खाली बसले. नुसतं रिकामं वाटत होतं. सायकलींच्या शेडजवळ माझा दगड उभा आहे आणि कुणीतरी त्याला सायकल टेकवून गेलंय, हे मला स्पष्ट दिसत होतं.

बसल्या जागेवरून टेबलाचा डावा पाय दिसत होता. तो पाय मामंजी असतानाच खालून कुजला होता, कुजका भाग कापून टाकल्यावर टेबल डुगडुगायला लागलं, आणि मामंजींनी त्याखाली दगडाचा एक तुकडा सरकवला होता. कसा सरकवला तेही मला आठवलं. त्यांच्याच्यानं वाकवत नव्हतं, जायच्या आधी आठवडाभराची गोष्ट. मी म्हटलं, मी करते, तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि गुडघ्यावर बसून, कण्हत, स्वतः ठोकला. हा इथनं हलवायचा नाही, म्हणाले, तुला लागेल. टेबलाला टेकू लागेल असंच मी समजले. सव्वीस वर्षं मी ज्या टेबलावर पोट भरलं ते त्याच्यावर उभं होतं, मी रोज त्याच्याभोवती झाडू फिरवला, आणि धुळीखालचा राखाडी रंग मला कधी दिसला नाही. नवऱ्याला हाक मारली. त्यानं टेबल उचलून धरलं आणि मी तुकडा ओढून काढला, पाण्याखाली धरला. धूळ गेली. काळ्या बारीक शिरा वर आल्या, तिरप्या. मग मी तो उलटा केला. खालच्या अंगाला, जमिनीकडे जी बाजू होती तिथे, टोकदार खिळ्यानं ओरखडून एक स्वल्पविराम काढला होता. गोल डोकं, डावीकडे वळणारी शेपटी, मापात. शेजारी शिरांची दिशा दाखवणारा बाण. आणि खाली, आंधळ्या माणसाच्या चढ-उतार झालेल्या अक्षरांत, दोन शब्द: हात बसल्यावर.

मी रडले. नवरा टेबल धरून तसाच उभा होता, विचारत होता ठेवू का खाली. म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि त्यांनी मला सांगितलं नाही, कारण त्या वेळी सांगितलं असतं तर मी तो दगड रोज मनात उगाळत बसले असते आणि माझा हात कधी बसलाच नसता. मला माझ्याच चुकीचं ओझं न देता त्यांनी माझ्या टेबलाला टेकू दिला. राग कुठल्या कुठे गेला. उरलं ते एवढंच की महिनाअखेरीला अकरा दिवस होते आणि माझा हात बसला होता की नाही ते मला बघायचं होतं. त्याच दुपारी ग्रंथपाल बाईंकडे गेले आणि म्हटलं, मला चार दिवस द्या, दगड जागेवरच ठेवा. त्यांनी विचारलं, दगडात दुरुस्ती कशी होणार. म्हटलं, झाली नाही तर मी स्वतः तो काढून शेडजवळ नेऊन ठेवीन, फुकट. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि जिन्याखाली पडदा लावून दिला, ‘साफसफाई चालू आहे’ अशी चिठ्ठी टोचून.

पहिला अर्धा दिवस नुसता बघण्यात गेला. मामंजींच्या स्वल्पविरामाच्या कडा मी अंगठ्यानं पुन्हा पुन्हा फिरून आले, डोळे मिटून, ते फिरले तशी. त्यांचा शेवटचा हात होता तो दगडावर. तो खोडायचा म्हणून छिन्नी टेकवली आणि दोनदा परत उचलली, खोटं कशाला बोलू. पण बाण त्यांनीच काढला होता. खड्डा मी आत थोडा खोल केला, भिंती सरळ केल्या, बाहेरची रेघ मात्र केसभरही हलवली नाही, कारण एक बाजू बरोबर काळ्या शिरेला चिकटून जात होती आणि तिथे सांधा लपणार होता. हेही त्यांनी तेव्हाच बघून ठेवलं असणार, अंगठ्यानं. दुसरा दिवस शेपटातून स्वल्पविराम कापण्यात. वाटाण्याएवढा दगड, त्याला डोकं, त्याला शेपटी, खाली किंचित निमुळता, पाचरीसारखा, म्हणजे ठोकला की घट्ट बसेल. पहिला फुटला. दुसरा बसला पण शीर अर्ध्या सुतानं, तांदळाच्या जाडीएवढी, चुकली, तो काढून टाकला. शेपटात आता एकाच स्वल्पविरामापुरती शीर शिल्लक होती. मी बाहेर जाऊन पायरीवर बसले, रस्त्यावरची माणसं बघितली, हात मांडीखाली दाबून गरम केले. मग आत आले, तिसरा कापला, आणि तो बसवताना दगड उलटा आहे असं समजून, म्हणजे स्वतःच भिंतीकडे खाली वाकून मान वाकडी करून, शेपटीच्या टोकाकडून सुरुवात केली. वाचायचं नाही. पण मला वाचता येत होतं, सगळं, सातही नावं, मथळा, सगळं. आणि हात पळाला नाही. वाचणारी मी आणि कोरणारी मी पहिल्यांदाच एका जागी शांत उभ्या होत्या. लाकडी हातोडीनं तीन टिचक्या मारल्या आणि तिसऱ्या टिचकीला आवाज बदलला, पोकळ होता तो भरीव झाला. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल मी काय सांगतेय.

उरलेले दोन दिवस घासण्यात गेले. आधी जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी, पुन्हा पाणी. एवढ्या जागेलाच चकाकी आली तर ती चुगली करेल, म्हणून मी अख्खा दगड घासला, सव्वीस वर्षांची धूळ, हातांचे डाग, कुणीतरी कोपऱ्यात चिकटवलेलं च्युइंगम सगळं निघालं. पडदा काढला तेव्हा ग्रंथपाल बाईंनी मथळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मथळ्याला नाक लावलं. आर. एस. मधे राखाडी दगड, त्यातून तिरपी जाणारी काळी शीर, एका दमात, न अडखळता. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दुसऱ्या हातात घेतला आणि माझा हात हातात घेतला. बैठकीत काय झालं ते मला पुढे त्यांनीच सांगितलं. सगळी समिती जिन्याखाली येऊन उभी राहिली, चूक नक्की कुठे होती यावर दोघांत वाद झाला, आणि स्टीलच्या पत्र्याचा कागद फाईलीतच राहिला. नव्या वाचन कक्षाची पाटी दगडाची करायची ठरली, आणि ती मी करायची.

तर मी परत तिथेच उभी होते, टेप घेऊन, जिन्यासमोरच्या नव्या भिंतीशी, आणि मागून पावलं आली. नवी बॅच, अकरावा धडा. सरांची सवय अशी की ते दगडाकडे पाठ करून उभे राहतात आणि वर्गाला म्हणतात, यात एक चूक आहे, शोधा. वर्ग शोधायला लागला. मी माप घ्यायचं थांबवलं नाही, पण आकडा काही दिसत नव्हता. एक म्हातारे गृहस्थ होते, बहुतेक शिंपी, गळ्यात त्यांचाही टेप, ते म्हणाले की यात चूक नाही. एक बाई म्हणाली, स्पेलिंग बरोबर आहे. सर हसत म्हणाले, नीट बघा, डोक्यावर बघा. सगळ्यांनी माना वर केल्या. मग शिंपी म्हणाले, “सर, तुम्हीच दाखवा.” सर वळले, बोट उचललेलंच होतं, आणि ते बोट आर आणि एसच्या मधे हवेत राहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुढे होऊन हात फिरवला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, मग नख लावून बघितलं. नख कुठेच अडलं नाही.

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं आणि मी दिसले. “बाई, तुम्ही इथल्याच का? इथे एक अपॉस्ट्रॉफी होता ना? मी दहा वर्षं बघतोय.”

मागच्या वेळी मी टेप बॅगेच्या तळाशी लपवला होता. आता तो माझ्या हातात उघडा होता, आणि माझा अंगठा मुळीच आखडला नव्हता. “होता,” मी म्हटलं. “हा दगड मी कोरलाय. टवका माझा होता, स्वल्पविराम माझ्या सासऱ्यांचा. आता दोन्ही नाहीत. सात माणसं आहेत, म्हणून नुसता एस.”

वर्ग माझ्याकडे वळला. सरांचा चेहरा आधी पडला, मग उलगडत गेला आणि शेवटी ते असे हसले की जिन्यावरून वाचक खाली डोकावले. पुन्हा त्यांनी दगडावर तळहात ठेवला, शिंप्यांनी ठेवला, त्या बाईनं ठेवला, आणि सगळेजण आर आणि एसच्या मधली जागा चाचपायला लागले.

“नक्की कुठे होता, तेवढं तरी दाखवा,” सर म्हणाले.

“शोधा की,” मी म्हटलं आणि टेपचं टोक नव्या भिंतीला लावलं.